लकव्यानंतरचा हात : यंत्रं काय देतात, काय देत नाहीत

लकवा मारलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो तेव्हा अनेकदा चालत येतो. काठी टेकत, पाय ओढत, मुलाच्या आधारानं, पण चालत. हात मात्र कोपरात दुमडून छातीशी आलेला, मूठ मिटलेली. घरच्यांचा पहिला प्रश्न ‘चालतील ना?’ हा असतो आणि त्याचं उत्तर बहुधा पहिल्या काही महिन्यांत मिळून जातं. ‘हात कधी येणार?’ हा दुसरा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच राहतो. अलीकडे त्याला तिसरा जोडला गेला आहे. मोठ्या रुग्णालयांत रोबोटवर व्यायाम करून घेतात असं कानावर येतं, मोबाइलवर तसले व्हिडिओ फिरतात, आणि देहू, येलवाडी, तळवड्याकडची माणसं फिजिओथेरपिस्टला विचारतात, ‘तसलं मशीन लावलं तर हात येईल का?’

या तिसऱ्या प्रश्नावर गेल्या तीसेक वर्षांत जगभर भरपूर काम झालं आहे. उत्तर एका शब्दात देता येत नाही, पण ते धूसरही राहिलेलं नाही. यंत्र हाताकडून काम करून घेतं. तेवढंच काम माणसानं करून घेतलं तर निकाल जवळजवळ तोच येतो. देहूसारख्या गावात उणीव आहे ती या कामाची. यंत्राचा विचार त्यानंतर करायचा. असं मी का म्हणतो ते पुढे येईलच.

आधी हात पायापेक्षा मागे का राहतो ते पाहू. पाय ताठ राहिला तरी शरीराचं वजन पेलतो. हाताला मात्र खांदा, कोपर, मनगट आणि पाच बोटं यांची जुळणी एकाच वेळी साधावी लागते, आणि एवढं करून बोटं उघडली नाहीत तर हात वस्तूपर्यंत पोहोचूनही उपयोग नाही. दुसरी गोष्ट सवयीची. एका पायावर चालता येत नाही, म्हणून अधू पायाला दिवसभर काम पडतं. एका हातानं मात्र जेवता येतं, आंघोळ होते, मोबाइल चालतो, बसमध्ये दांडी धरता येते. चांगला हात सगळं ओढून नेतो आणि अधू हाताला कुणी कामाला लावतच नाही. एडवर्ड टाउब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं माकडांवरच्या प्रयोगांतून हे उलगडून दाखवलं. प्राणी अधू हात वापरून बघतो, जमत नाही, मग सोडून देतो. पुढे क्षमता थोडीफार परतली तरी तो हात सोडलेलाच राहतो.

त्यावर टाउब यांनी काढलेला उपाय यंत्राशिवायचा होता. चांगल्या हाताला जाड मोजा घालून तो अडवायचा आणि अधू हाताला रोज कित्येक तास कामाला जुंपायचं. या पद्धतीची ‘एक्साइट’ नावाची मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि २००६मध्ये तिचे निष्कर्ष आले. लकव्याला ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ मोजा हातात. त्यांचा अधू हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरला आणि हा फरक वर्षानंतरही टिकला. अट एकच होती, पण मोठी: ज्यांचं मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उघडतात, अशांनाच त्यात घेतलं होतं. मूठ घट्ट मिटलेल्या माणसासाठी हा मार्ग नव्हता.

देहूत दोन हात लागतात ते कशाकशाला, हे गावात फिरताना सहज दिसतं. टाळ एका हातानं वाजत नाही. तुळशीचे मणी ओवताना एका हातात दोरा आणि दुसऱ्यात मणी धरावा लागतो. इंद्रायणीच्या पलीकडे, चाकणकडे किंवा अलीकडे भोसरीकडे गेलं की हे आणखी कठोर होतं. तिथल्या प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेसला दोन हातांची बटणं असतात. दोन्ही तळहात एकाच वेळी बटणांवर पडल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे बोटं डायखाली सापडायची भीती नको. कामगाराच्या रक्षणासाठी केलेली ही सोय लकव्यानंतर त्याच कामगाराला त्या मशीनपासून दूर ठेवते. पाय चालतात, बोलणं नीट आहे, हिशेब येतो, आणि तरी कामावर घेत नाहीत. सगळं अडतं ते एका तळहातापाशी.

हा आजार शहरातल्या, वयस्कर, सुखवस्तू माणसांचाच असल्याचा समज अजून आहे. मुंबईत डॉ. दलाल यांच्या पुढाकारानं २००५-०६मध्ये झालेल्या नोंदणीत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १४५ नवे रुग्ण आढळले. पण गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं ८६ गावांत झालेल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा लकवा हेच मृत्यूचं सर्वांत मोठं कारण निघालं, १४.३ टक्के. गडचिरोली आणि मुंबई या दोन टोकांच्या मधे आपला औद्योगिक पट्टा आहे: रात्रपाळी, वर्षानुवर्षं न तपासलेला रक्तदाब आणि तंबाखू. जगलेल्यांपैकी कितीजणांचा हात गेला याचा हिशेब गावपातळीवर कुणी ठेवत नाही.

आता रोबोट.

चाकणच्या वाहन कारखान्यांत वेल्डिंगचा रोबोट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्याभोवतीची जाळी आठवत असेल. त्याला जायचं ठिकाण ठरवून दिलेलं असतं आणि मधे काय आलं याची तो पर्वा करत नाही. असा हात दुबळ्या माणसाच्या हाताला बांधला तर खांदा उखडेल. अमेरिकेतल्या एमआयटीचे नेव्हिल होगन यांनी १९८५मध्ये नियंत्रणाची वेगळी रीत मांडली. यंत्रानं ठिकाणाचा हट्ट न धरता समोरच्या जोरानुसार झुकायचं, माणूस ढकलेल तेव्हा वाट द्यायची, तो थांबेल तेव्हा हलकेच पुढे न्यायचं. होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला याच तत्त्वावर ‘एमआयटी-मॅनस’ हे यंत्र उभं केलं. हात शिकवणाऱ्या पुढच्या बहुतेक रोबोटांचा हा पूर्वज.

त्यावरचं सत्र जवळून पाहिलं तर त्यात चमत्कार काही नसतो. रुग्ण टेबलापाशी बसतो. छातीला पट्टा बांधतात, कारण कोपर उघडण्याऐवजी कंबरेतून पुढे झुकून काम उरकायची युक्ती शरीर लगेच शोधतं. पुढचा हात एका खोलगट आधारात ठेवून पट्ट्यांनी बांधतात, तळहात दांड्यावर. समोरच्या पडद्यावर मधे एक ठिपका आणि भोवती गोलात आठ ठिपके. मधल्यावरून बाहेरच्याकडे जायचं आणि परत यायचं. हात काही क्षणांत हलला नाही तर यंत्र उरलेलं अंतर नेऊन पोहोचवतं. हलला तर मदत आपोआप कमी करत जातं. शेवटी पडद्यावर आकडा येतो: आज यंत्रानं किती केलं, तुम्ही किती. तासाभरात अशा हजाराच्या आसपास हालचाली होतात. एखाद्या थेरपिस्टला हातानं एवढ्या करून घेणं, तेही रोज, जवळजवळ अशक्य आहे.

अशी यंत्रं खरोखर किती फरक पाडतात, याच्या तीन चाचण्या मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली, २०१०ची. लकव्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेले १२७ जण तिच्यात होते. काहींना रोबोट, काहींना तितक्याच हालचाली माणसाकडून करून घेणारा कसून व्यायाम, काहींना नेहमीचे उपचार. बारा आठवड्यांनी रोबोटचा गट नेहमीच्या उपचारांपेक्षा म्हणण्यासारखा पुढे नव्हता. ३६ आठवड्यांनी मात्र तो पुढे दिसला. पण तितक्याच मेहनतीचा मानवी व्यायाम घेणाऱ्या गटाच्या तुलनेत? बरोबरी. दुसरी चाचणी स्वित्झर्लंडमधली, ‘आर्मिन’ या यंत्राची, २०१४ची. हे यंत्र फक्त टेबलावर सरकत नाही, खांद्यापासून मनगटापर्यंत हाताला बाहेरून कवच घालतं. ७७ रुग्णांत रोबोटचा गट पुढे निघाला, पण ६६ गुणांच्या मोजपट्टीवर फरक एका गुणापेक्षाही कमी. रुग्णाला स्वतःला तो जाणवणार नाही.

तिसरी सर्वांत मोठी. ब्रिटनमधली ‘रॅटल्स’, न्यूकॅसलच्या हेलन रॉजर्स यांच्या नेतृत्वाखाली, ७७० रुग्ण, निष्कर्ष २०१९मध्ये. आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटं असे बारा आठवडे एका गटाला एमआयटी-मॅनसवरचा व्यायाम. दुसऱ्याला तेवढाच वेळ थेरपिस्टकडून, रोजच्या कामांवर बेतलेला व्यायाम. तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. हाताच्या वापरात ठरवलेली सुधारणा रोबोटच्या गटात ४४ टक्क्यांना, थेरपिस्टच्या गटात ५० टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचारांत ४२ टक्क्यांना साधली. रोबोट आणि नेहमीचे उपचार यांत फरक धरावा असं काही उरलं नाही. हालचाल मोजणाऱ्या पट्टीवर रोबोटनं थोडं जास्त दिलं होतं, पण ते शर्टाच्या बटणापर्यंत पोहोचलं नाही. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत जाण्यात हात तरबेज झाला तरी दाराची कडी काढायला तो आपोआप शिकत नाही.

या आकड्यांवरून रोबोट निकामी असल्याचा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो पटत नाही. कॉक्रेन या संस्थेनं २०१८मध्ये अशा ४५ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत मिळून १,६१९ रुग्ण होते. रोजची कामं, हाताचा वापर आणि ताकद या तिन्हींत यंत्रांच्या बाजूनं लहानसा फायदा दिसला. तो रुग्णाच्या आयुष्यात किती उतरतो याबद्दल तपासणाऱ्यांनीही हात राखूनच लिहिलं आहे. शिवाय ब्रिटनमधले ‘नेहमीचे उपचार’ आणि आपल्याकडचे ‘नेहमीचे उपचार’ यांत फार अंतर आहे. तिथे रुग्णालयातून सुटल्यावर काही काळ तरी थेरपिस्ट ठरलेला असतो. इथे अनेक घरांत सुटीच्या कागदावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ एवढं वाक्य असतं आणि पुढे शोधाशोध घरच्यांची. जिथे तुलना जवळजवळ शून्याशी आहे, तिथे हजार हालचाली करून घेणारं यंत्र नक्कीच काहीतरी देईल. पण तिथेच, त्याच पैशात, एक चांगला थेरपिस्ट त्याहून जास्त देईल. आयात केलेल्या मोठ्या यंत्राची किंमत कोटींच्या घरात जाते आणि त्यासोबत माणूस लागतोच.

म्हणजे गाडी येऊन थांबते ती हालचालींच्या संख्येवर. कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या थेरपीच्या सत्रांत बसून रुग्णाचा हात उपयोगी हालचाल किती वेळा करतो ते मोजलं. हाताचा असा सराव ज्या सत्रांत झाला, त्यांत सरासरी ३२. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूतली जुळणी बदललेली दिसली, त्यांत एका बैठकीत शेकड्यांनी हालचाली झाल्या होत्या. ३२ आणि कित्येक शे, या दरीतच यंत्रांची सगळी आशा उभी आहे.

पण इथेही सरळ हिशेब लागत नाही. २०१६मध्ये अमेरिकेतल्या ‘आयकेअर’ चाचणीत ३६१ रुग्णांपैकी काहींना ३० तासांचा ठरवून आखलेला जादा सराव दिला, तरी वर्षानंतर ते इतरांपेक्षा पुढे नव्हते. त्याउलट लंडनच्या क्वीन स्क्वेअरला निक वॉर्ड यांच्याकडे तीन आठवड्यांत ९० तास काम करून घेतात. तिथे आलेल्या २२४ जणांचा २०१९मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो की अनेकांचा हात लकव्याला वर्षं उलटल्यावरही बराच सुधारला आणि सुधारलेला राहिला. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे ध्यानात ठेवूनही तो आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तीस तास पुरत नसतील आणि नव्वद पुरत असतील, तर आठवड्यातून दोनदा अर्धा तास येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून हात उघडायची अपेक्षा धरणं त्याच्यावरही अन्याय आहे.

वेळ कधी द्यायचा हेही तितकंच मोलाचं. २०२१मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात ७२ रुग्णांना वीस तासांचा जादा सराव निरनिराळ्या टप्प्यांवर दिला गेला. सर्वांत जास्त फळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मिळालं. सहा महिन्यांनंतर दिलेल्या सरावाचा फरक दिसला नाही. आपल्याकडे नेमका हाच काळ ‘जरा ताकद येऊ द्या, मग बघू’ म्हणण्यात, नाहीतर कुठल्या गावचं औषध, कुठली मालीश या फेऱ्यांत जातो. मालीश करू नये असं मी म्हणत नाही. पण चोळला जाणारा हात स्वतः काही करत नसतो.

कुणाचा हात येईल याचा अंदाजही फार लवकर बांधता येतो, आणि त्याला यंत्र लागत नाही. नेदरलँड्समध्ये १८८ रुग्णांच्या अभ्यासात, २०१०मध्ये, पहिल्या ७२ तासांत फक्त दोन गोष्टी तपासल्या: बोटं थोडी तरी सरळ होतात का, आणि हात खांद्यातून बाजूला थोडा तरी उचलतो का. दोन्ही जमणाऱ्यांपैकी ९८ टक्क्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परतण्याची शक्यता होती. दोन्ही न जमणाऱ्यांत ती २५ टक्के. खाटेशेजारी दोन मिनिटांत होणारी ही तपासणी लकव्याच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर तिसऱ्या दिवशी लिहिली गेली पाहिजे. कुणाच्या मागे कसली मेहनत लावायची, हे त्यावर ठरू शकतं.

बाकीच्या यंत्रांकडे भरभर पाहू. गल्लीतल्या क्लिनिकमध्ये ‘शेक’ आणि ‘करंट’ ही जोडी सगळ्यांच्या ओळखीची आहे. हाताच्या मागच्या बाजूला दोन पट्ट्या लावून करंट दिला की मिटलेली बोटं उघडतात आणि घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. रुग्ण स्वतः बोटं उघडायचा प्रयत्न करेल तेव्हाच चालू होणारा करंट नुसत्या करंटपेक्षा सरस ठरेल, असं वाटणं साहजिक आहे. २०१६च्या अमेरिकी चाचणीत तसा फरक निघाला नाही. मानेतल्या व्हेगस नसेला सूक्ष्म झटका देणारं उपकरण शस्त्रक्रियेनं बसवायचं आणि प्रत्येक हालचालीबरोबर थेरपिस्टनं बटण दाबायचं, ही पद्धत १०८ रुग्णांवर तपासली गेली. ६६च्या पट्टीवर सरासरी ५ गुण वाढले. नुसत्या थेरपीच्या गटात २.४. लकव्याला नऊ महिन्यांहून जास्त काळ झालेल्या रुग्णांत ही वाढ लक्षणीय आहे, आणि अमेरिकेनं २०२१मध्ये तिला परवानगी दिली. पण त्यासोबत तासन्‌तासांची थेरपी होतीच. नस नुसती झणझणून हात आलेला नाही.

सर्वांत स्वस्त साधन आरसा. टेबलावर आरसा उभा ठेवायचा, अधू हात त्याच्या मागे, चांगला समोर. चांगल्या हाताची बोटं उघडताना आरशात बघायचं. डोळ्यांना दिसतं की अधू हातच उघडतोय. चेन्नईत शिकून अमेरिकेत गेलेले डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी ही युक्ती १९९०च्या दशकात कापलेल्या हाताच्या वेदनेसाठी काढली. लकव्यासाठीचा तिचा पहिला लहान प्रयोग १९९९चा. आज तिच्यावर साठाहून अधिक चाचण्या आहेत आणि फायदा माफक असला तरी खरा आहे. कपाटाचा जुना आरसाही त्यासाठी चालतो.

आपल्या देशात काय बनतंय? दिल्लीच्या आयआयटी आणि एम्स यांनी मनगट-बोटांचं एक हलकं यांत्रिक कवच केलं आहे; स्नायूतला क्षीण विद्युतसंकेत मिळाला की ते चालू होतं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि मद्रास आयआयटी यांचं ‘प्लूटो’ एकाच मोटरवर चालतं, दांडे बदलून मनगट, पंजा, मूठ अशा वेगवेगळ्या हालचाली करून घेतं. हैदराबादच्या आयआयटीच्या आधारानं वाढलेल्या ‘बीएबल हेल्थ’चं ‘आर्मेबल’ टेबलावर दांडा सरकवत खेळायचं यंत्र आहे. कानपूरच्या आयआयटीचं यंत्र मेंदूचे संकेत पकडून हाताच्या कवचाला चालना देतं. या सगळ्यांत मला प्लूटोची वाट सर्वांत भरवशाची वाटते, कारण ते घरी किंवा छोट्या क्लिनिकात ठेवता येण्याजोगं आहे. मोटर, एन्कोडर, छोटे सुटे भाग हे सगळं भोसरी-चाकणच्या वर्कशॉपांच्या हातचं काम आहे. ज्या पट्ट्यात गाड्यांचे भाग हजारांनी निघतात, तिथे असं यंत्र घडवणं अवघड नसावं. अडेल ते रुग्णाच्या खांद्यावर किती जोर चालेल हे सांगणारा थेरपिस्ट त्या टेबलाशी बसलेला नसेल म्हणून.

घरातल्या साधनांबद्दल मात्र सावध करणं भाग आहे. दाराला लावायची कप्पी औषधांच्या दुकानातही मिळते. चांगल्या हातानं दोरी ओढायची, अधू हात वर जातो, वर गेला की बरं वाटतं. १९९०मध्ये अमेरिकेतल्या एका लहान अभ्यासात ही कप्पी वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांच्या खांद्यात वेदना सुरू झाली. थेरपिस्टनं जपून हालवलेल्या हातांत ८ टक्क्यांच्या. खांद्याभोवतीचे स्नायू ढिले असताना हात जबरदस्तीनं डोक्यावर नेला की सांधा चेमटतो, आणि दुखरा खांदा मग पुढचा सगळा व्यायाम बंद पाडतो. तशीच दुसरी गोष्ट स्पंजच्या चेंडूची. मूठ आवळणं अनेकांना आधीच येतं, अडतं ते उघडण्यापाशी, आणि दिवसभर चेंडू दाबून आवळण्याचाच सराव होतो. खाटेवरून उठवताना काखेत हात घालून किंवा अधू हात धरून ओढणं हे तिसरं. ते करणारे सगळे प्रेमापोटीच करतात.

मग घरी काय करायचं? कॅनडातल्या जॅनिस एंग यांच्या गटानं ‘ग्रास्प’ नावाची पद्धत काढली: रोजच्या वस्तूंचं एक खोकं आणि चित्रांची वही, रुग्णानं रोज तासभर स्वतः करायचं, थेरपिस्ट मधून मधून बघणार. २००९च्या चाचणीत १०३ रुग्णांत तिचा फायदा दिसला. देहूच्या घरात त्या खोक्यात वाटी, कपडे वाळत घालायचे चिमटे, रुमाल, तुळशीचे मोठे मणी आणि टाळ असायला हरकत नाही. टाळाची दोरी अधू हाताच्या बोटांत गुंडाळली तर पकड न जमणाऱ्यालाही दोन्ही हात छातीसमोर आणून वाजवता येतं, आणि अभंगाच्या ठेक्यावर माणूस मोजणं विसरून पन्नास वेळा ते करतो. चाचणीतून सिद्ध झालेली ही गोष्ट नाही, माझी सूचना आहे. पण एखाद्या फिजिओथेरपी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर हा घ्यावा.

घरच्यांवर सगळं सोपवून मोकळं व्हायचं, हाही मार्ग नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून व्यायाम करून घेतला. २०१७मध्ये निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. ही चाचणी खास हातासाठीची नव्हती, पण धडा स्पष्ट आहे. सुनेला दोन दिवस शिकवून थेरपिस्टची जागा भरत नाही. जिथे घर आणि थेरपिस्ट दोन्ही असतात तिथे चित्र बदलतं. २०१९मध्ये अमेरिकेत १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, घरी बसून संगणकावर खेळ आणि व्हिडिओवर थेरपिस्ट, अशा ३६ सत्रांनी क्लिनिकमधल्या तितक्याच सत्रांइतकाच हात सुधारला. देहूहून पिंपरीला न्यायचं म्हणजे रिक्षा, सोबत एक माणूस आणि त्याचा बुडालेला रोज. ज्या घरात चांगला मोबाइल आहे तिथे ही वाट आज मोकळी आहे. फक्त खेळातल्या सूचना मराठीत हव्यात आणि पलीकडचा थेरपिस्ट ठरलेल्या वेळी हजर हवा.

हा पलीकडचा माणूस बहुधा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असायला हवा, आणि या शास्त्राची भारतातली सुरुवात महाराष्ट्रात झाली हे फार थोड्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत जन्मून लग्नानं निंबकर झालेल्या कमलाबाईंनी १९५०मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा उभी केली. दोन वर्षांत या व्यवसायाची अखिल भारतीय संघटनाही निघाली. १९५५मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. हाताला पुन्हा काम शिकवणं हाच ज्याचा विषय, असं शास्त्र पाऊणशे वर्षं इथे शिकवलं जातंय. तरी पुण्या-मुंबईच्या बाहेर, देहूसारख्या नगरपंचायतीच्या गावात, फिजिओथेरपीची पाटी दिसते, ऑक्युपेशनल थेरपिस्टची शोधूनही सापडत नाही. महापालिकेच्या किंवा ग्रामीण रुग्णालयात एक रोबोट येण्याआधी तिथे असे दोन थेरपिस्ट नेमले जावेत, अशी माझी ठाम मागणी आहे.

शेवटी पोटाचा प्रश्न. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार राज्य कामगार विम्यात असतो. चिंचवडच्या मोहननगरात त्या योजनेचं रुग्णालय आहे. आजारपणात ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण दीर्घ आजारांची एक वेगळी यादी आहे, तिच्यात अर्धांगवायू आहे, आणि दोन वर्षं सलग नोकरी व ठरलेली वर्गणी भरलेल्या कामगाराला ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. हाताच्या दृष्टीनं बघा: ज्या दोन-तीन महिन्यांत मेहनतीचं सर्वाधिक फळ मिळतं, त्या काळात घर चालवण्याची ही तरतूद आहे, आणि माहिती नसल्यानं माणसं ९१ दिवस संपताच राजीनामा देऊन बसतात. कंत्राटी कामगाराची वर्गणी नीट भरली गेली आहे का, हे आजारी पडायच्या आधी तपासून घ्यावं.

दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. जमेल अशा दुसऱ्या जागेवर त्याच पगारात घ्यावं लागतं. देहूरोडच्या लष्करी डेपोतल्या कर्मचाऱ्याला हे संरक्षण आहे, तळवड्याच्या खासगी प्रेस शॉपमधल्या ऑपरेटरला नाही. त्याच्यासाठी उरतो तो मालकाशी बोलण्याचा मार्ग, आणि तिथे थेरपिस्टचा एक कागद कामी येतो. ‘डावा हात अधू’ एवढंच लिहिलेला कागद नोकरी घालवतो. या हातानं टेबलावर वस्तू दाबून धरता येते, दोन किलोपर्यंत आधार देता येतो, बोटांनी बारीक पकड जमत नाही, दोन हातांच्या बटणांचं मशीन नको, तपासणी, पॅकिंग किंवा स्टोअरचं काम चालेल, असं तपशिलानं लिहिलेला कागद घेऊन गेलं की सुपरवायझरला निदान विचार करायला काहीतरी मिळतं. असा कागद मागून घ्यावा, आणि थेरपिस्टांनी तो न मागता द्यावा.